किल्ली नसलेली फटफटी

भिवंडीतल्या आमच्या नाक्यावरचा तो फिटर गाडीशी हळू आवाजात बोलायचा, माणसांशी मात्र हाय-न्हाय एवढंच. त्या काळी गावात फटफट्या थोड्याच होत्या. मी स्वस्तात एक जुनी घेतली, पण तिची किल्ली आधीच्या मालकाने हरवली होती. फिटरने दिव्यामागच्या वायरी सोलून जोडल्या, किक मारली आणि गाडी धडधडू लागली.

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. तो लाजत म्हणाला, “दादा, हिला खाडीच्या पुलापर्यंत फिरवून आणू? लगीन झाल्यापासून म्हणते हाय, एकदा फटफटीवर बसायचंय.”

“जा की!”

परत आल्यावर तो उतरला. ती मात्र बंद गाडीवर तशीच बसून राहिली, आणि त्याने तिला ‘उतर’ म्हटलं नाही.