रिकामे रकाने आणि प्रज्ञाची पंगत

हसायचं तर हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. मी प्रोग्रामर. रत्नागिरीत घरी बसून परदेशातल्या लोकांचे आकडे सांभाळतो. आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नात मला जेवणाऱ्यांचा आकडा जमला नाही!

प्रज्ञाचं लग्न, जेवण आमच्याकडून. मी ऐटीत सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर शीट पाठवली. आपापल्या घरापुढे आकडा भरा, किती जण येणार! बेरजेसाठी पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार ओळी लिहिल्या. चालवल्या, तर स्क्रीनभर लाल अक्षरं!

निम्म्यांनी आकडाच भरला नव्हता. अशा ठिकाणी पायथन None दाखवतो, म्हणजे 'माहीत नाही'. आता 'माहीत नाही' अधिक पाच किती? सांगा बघू!

मी काय केलं? जिथे None, तिथे शून्य! लाल अक्षरं गायब. बेरीज आचाऱ्याला कळवली.

"एवढीच माणसं?"

"प्रोग्राम लिहिलाय मी!"

लग्नाच्या दिवशी बुद्धवंदना संपेपर्यंत मांडव भरला, तरी गाड्या येतच होत्या. वेळणेश्वरचे मामा तर अख्खी वाडी घेऊन उतरले. माझं डोकंच चालेना. अहो, ह्यांच्यापुढे शून्य होतं! सावर्ड्याची आत्या दिसली, तर जयभीम म्हणायच्या आधीच मी बोलून गेलो, "आत्या, तू येणार नव्हतीस ना?"

"काय? भाचीच्या लग्नाला?"

"रकाना रिकामा होता तुझा!"

"मेल्या, घरच्या कार्याला येतो म्हणून कळवतात काय? न येणारा कळवतो!"

दुसऱ्या पंगतीतच भात संपला. वरपक्ष अजून जेवायचा होता! प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी, बाबा तर माझ्याकडे बघेचनात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी आत्यानेच पदर खोचला, शेजारच्या घरांतून तांदूळ मागवले आणि पुन्हा भात चढवला. वरपक्ष पोटभर जेवून उठला, तेव्हा कुठे बाबांच्या जिवात जीव आला.

भांडी आवरताना आत्याने विचारलं, "आता रिकामं दिसलं तर काय करशील?"

"आधी None वेगळे काढीन. मग एकेकाला फोन करून विचारीन."

"शाणा! आपल्या घरापुढे किती भरलेलंस?"

मोबाइल काढून बघितलं. रकाना रिकामा!

"अगं आत्या, घरच्या कार्याला कोण भरतं?"

आत्या हसून हसून खालीच बसली. म्हणजे माझ्या प्रोग्रामप्रमाणे त्या लग्नाला नवरीसुद्धा येणार नव्हती!