देशकराचं दार

जुन्या किल्ल्या साठतात तशा गोष्टी साठतात. कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे कोणालाच आठवत नाही, पण टाकवतही नाही. आमच्याकडे तर आता किल्ल्याही उरल्या नाहीत, नुसत्या गोष्टी उरल्यात.

आमच्याकडे म्हणजे तिघांकडे. मी, पांढरीपांडे आणि देशकर. तिघंही जबलपूरच्या एकाच फॅक्टरीतून रिटायर झालो, आणि संध्याकाळी माझ्या व्हरांड्यात चहाला जमतो. पांढरीपांडेची बायको गेली, मुलगी बेंगळुरूला. माझा मुलगा कॅनडात. देशकराला मूलबाळ नाही. तो आणि कुमुदवहिनी.

पांढरीपांडे एकदा बाथरूममध्ये पडला आणि शेजाऱ्यांना त्याचं सागवानी दार फोडावं लागलं. मुलीनं ताबडतोब नवं कुलूप बसवून दिलं. त्याला रोज किल्ली लागत नाही. घरात एक गोल डबी ठेवायची, तिच्यात एक बाई. तिला सांगितलं की ती दार लावते. उघडायचं असेल तर पिन विचारते. मुलीला बेंगळुरूत बसून मोबाईलवरही उघडता येतं. हे ऐकून माझ्या मुलानंही पाठवलं. डबीतल्या बाईला कंपनीनं नाव दिलंय, पण ते घेतलं की ती जागी होते, म्हणून आम्ही तिला नुसतं 'बाई' म्हणतो.

आमच्या दोघांच्या दाराला हे कुलूप बसलं ते वेळ पडली तर बाहेरच्याला आत येता यावं म्हणून. देशकराच्या दाराला बसलं ते आतलं माणूस बाहेर जाऊ नये म्हणून.

* * *

आधी पिनची गोष्ट. गोहलपूरचा मिस्त्री कुलूप बसवून गेला तेव्हा बजावून गेला, "अंकलजी, नंबर ऐसा रखना कि किसी को पता न चले." जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको.

पांढरीपांडेनं विचार करून फॅक्टरीतला आपला टोकन नंबर ठेवला. मीही तोच विचार केला. देशकरानंही. आता, फॅक्टरीत आम्ही एकमेकांना आयुष्यभर टोकन नंबरानंच हाका मारल्या! डिपार्टमेंटमधल्या माणसाला देशकराचं पाळण्यातलं नाव सांगता आलं नसतं, पण नंबर झोपेतही सांगितला असता.

माझ्या मुलाला हे कळलं तेव्हा तो फोनवर वैतागला. बाबा, बदला म्हणाला. मी म्हटलं, "अरे, ज्यांना तो नंबर पाठ होता त्यातले आता आम्ही तिघंच आहोत." मग त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

* * *

बाईला मराठी येत नाही. एक तर इंग्रजी, नाहीतर हिंदी. आम्ही हिंदीवर ठेवली.

याचं सर्वात जास्त वाईट पांढरीपांडेला वाटलं. आमच्या मराठी घरांतला जुना नियम असा की हिंदी उंबऱ्याच्या बाहेर. चपला काढतो तशी तीही बाहेर काढून आत यायचं. पांढरीपांडे तर या नियमाचा हवालदार. आणि आता त्याला स्वतःच्या घरात शिरायला खिडकीतून ओरडावं लागायचं, "दरवाज़ा खोलो!" कारण मोबाईल तो नेहमी आतच विसरायचा.

एका थंडीत त्याचा घसा बसला. खिडकीशी उभा राहून घोगऱ्या आवाजात सांगतोय, बाईला काही कळेना. दूधवाला सायकल टेकवून पाहत होता. शेवटी तोच पुढे आला. "अंकलजी, आप रहने दो, मैं बोल देता हूँ." आणि त्यानं पिनसकट सगळं खणखणीत सांगितलं. दार उघडलं. आजूबाजूच्या चार घरांना तो नंबर कधीचाच पाठ झाला होता.

पण या नियमात पांढरीपांडेपेक्षाही कडक होत्या कुमुदवहिनी. तशी त्यांची हिंदी आमच्या सगळ्यांहून फर्डी. बड्या फुहाऱ्यावरच्या बाजारात साडीचा भाव करायला लागल्या की दुकानदार हात जोडायचा. पण घरात एक शब्द नाही. माझा नातू लहानपणी इथं आला होता, त्यांच्याशी हिंदीत बोलायला लागला, तर त्याचा गाल ओढून म्हणाल्या, "हिंदी परक्यांशी बोलायची रे बाप्पा. मी काय परकी आहे?"

* * *

मागच्या दिवाळीची गोष्ट. लक्ष्मीपूजनाला दार उघडं ठेवायचं, हे बाईला कोण सांगणार? आम्ही दार उघडं ठेवून पूजेला बसलो. बायकोनं दाराला पाट लावून ठेवला होता. बाई सारखी सांगतेय, दरवाज़ा खुला है, दरवाज़ा खुला है. तिच्या आवाजात माझी आरती दोनदा चुकली.

तेवढ्यात कॅनडातून मुलाचा फोन. त्याच्या मोबाईलवर निरोप गेला होता.

"बाबा, दार उघडं राहिलंय."

"राहिलं नाही, ठेवलंय. लक्ष्मी यायची आहे."

"मग तिला पिन सांगून ठेवा ना!"

तो हसला, मीही हसलो. फोन ठेवल्यावर बायको निरांजनातली वात सारखी करत म्हणाली, "पिन याला माहीत आहे. हा कुठे आला?"

आम्ही पाट मात्र बराच वेळ काढला नाही.

* * *

पांढरीपांडेचं दार उघडलं की त्याच्या मुलीला बेंगळुरूत कळतं. एकदा तो आळसानं दुपारपर्यंत बाहेर पडला नाही, तर तिनं घाबरून फोन केला. पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून तेव्हापासून तो सकाळी उठल्याबरोबर एकदा दार उघडायचा आणि लावायचा. आम्हाला म्हणायचा, "पंचिंग करून आलो." फॅक्टरीत कार्ड पंच करायचो तसं.

हजेरी रोज वेळेवर लागू लागली, आणि मुलीचा फोन हळूहळू कमी होत बंदच पडला. करायचं कशाला? बाप जिवंत आहे हे मोबाईल सांगतोच की.

एका सकाळी पांढरीपांडेनं मुद्दाम दार उघडलं नाही. फोन समोर ठेवून बसला. दुपारी फोन वाजला, पण माझा. मुलगी विचारत होती, काका, बाबांकडे जरा डोकावता का, मी मीटिंगमध्ये आहे.

मी गेलो. तो म्हणाला, "तिला सांग, ठीक आहे." मग डबीकडे वळून त्यानं दार उघडायला सांगितलं आणि पुन्हा लावायला सांगितलं.

* * *

आता देशकर.

कुमुदवहिनींना विसरण्याचा आजार झाला तो हळूहळू. आधी भाज्यांची नावं गेली, मग माणसांची. संध्याकाळ झाली की "घरी जाते" म्हणून त्या निघायच्या. एकदा कमानिया गेटपाशी भर गर्दीत सापडल्या, अनवाणी. देशकरानं त्यांना रिक्षात घालून आणलं आणि दाराला मोठं कुलूप घातलं. पण कुलूप दिसलं की त्या रडायच्या. "मला कोंडून काहून राहिले? मी काय चोरी केली?" देशकर आम्हाला म्हणायचा, मी नवरा आहे की जेलर, तेच कळेना.

म्हणून त्यानं हे नवं कुलूप बसवून घेतलं. आतून फिरवायची कळ मिस्त्रीकडून काढून घेतली, अडीअडचणीची किल्ली जानव्याला बांधली. दिसायला काहीच नाही. आणि एक गोष्ट आपोआप सोयीची झाली होती. वहिनींची हिंदी पार गेली होती. तो सगळा बड्या फुहाऱ्यावरचा फर्डेपणा पुसला गेला आणि उरली ती माहेरची, वर्ध्याकडची मराठी. बाईला मराठी कळत नाही. देशकर त्यांच्यादेखत पिन बोलला तरी चिंता नव्हती.

मी एकदा संध्याकाळी तिथं होतो. वहिनी डबीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तिला जागं करणारं कंपनीचं नाव मात्र बरोबर घेतलं. मग अगदी अदबीनं म्हणाल्या, "बाई, दार उघडता का? दिवेलागण झाली. घरी जायचं आहे."

"माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई."

"असू द्या, असू द्या," म्हणाल्या आणि येऊन बसल्या. थोड्या वेळानं पुन्हा उठल्या. मला तिथं बसवेना. देशकर खाली मान घालून शेंगा सोलत होता.

परत जाताना दारापर्यंत मला सोडायला आला तेव्हा म्हणाला, "हिची हिंदी परत आली तर पंचाईत होईल. नंबर बदलावा लागेल." मग थांबून म्हणाला, "पण यावी असं वाटते रे. एकदा तरी पहिल्यासारखी कोणाशी भांडताना दिसावी."

* * *

परवा देशकर उशिरा आला. शेजारीण वहिनींपाशी बसली होती म्हणून येऊ शकला. चहा घेतला नाही.

"कुमुदची हिंदी परत आली," म्हणाला.

पांढरीपांडे खुर्चीत सरसावून बसला. मी बायकोला आतून बोलावलं. डॉक्टर काय म्हणाले, औषध बदललं होतं का, आम्ही एकदम विचारायला लागलो. देशकरानं हातानं थांबवलं.

काल दिवेलागणीला तो पलंगावर बसला होता. वहिनी नेहमीप्रमाणे उठल्या, पण डबीकडे गेल्याच नाहीत. त्याच्या समोर आल्या. पदर सारखा केला, डोक्यावरून घेतला, आणि जरा अंतर ठेवून उभ्या राहिल्या. एकही शब्द अडखळला नाही, देशकर म्हणाला, जुन्यासारखी स्वच्छ हिंदी.

"भैयाजी, ज़रा ये दरवाज़ा खुलवा दीजिए. अँधेरा हो रहा है, हमारे घरवाले राह देखते होंगे."

 माझी बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"मग?" पांढरीपांडेनं विचारलं.

"मग काय. बाईला पिन सांगितला, चप्पल घातली, आणि तिला घरी सोडायला गेलो."