गाडीच्या तोंडात खीर

डोणगावात जनकाबाईच्या दारावरून उपाशी जाता येत नाही. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस, पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बाया, निवडणुकीत पडणारा उमेदवार अन निवडून येणाराही, सगळ्यांनी तिच्या ओसरीत बसून खाल्लेलं आहे. "मी जेवून आलो" हे तिच्यापुढं चालत नाही. "जेवला असशीन. पण माह्या घरी कुठं जेवला?" एवढं म्हणून ती ताट पुढं सरकवते.

ही सवय शाळेतली. गुडघे कुरकुरू लागेपर्यंत तिनं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवली. सुरुवातीला काही घरची लेकरं तिच्या हातचं खात नव्हती, घरून डबे आणायची. काऊन ते कोणी बोललं नाही, अन जनकाबाईनं विचारलंही नाही. बौद्धवाड्यातली बाई, तिला काय सांगायचं होतं? तिनं फक्त फोडणीत लसूण वाढवला. वास वर्गात गेला. पहिल्यांदा एकानं डब्याचं झाकण पुन्हा लावलं अन ताटली घेऊन रांगेत उभा राहिला. मग दुसरा. बाकीच्यांचे डबेही हळूहळू दप्तरातच राहू लागले. तेव्हापासून तिचं पक्कं झालं, ज्यानं आपल्या हातचं खाल्लं, तो आपला झाला.

दुसरी गोष्ट म्हणजे तिला लिंबू-मिरचीचा राग. शेजारच्या भगवंतरावांनी नवा ट्रॅक्टर आणला अन चाकांखाली लिंबं ठेवून चिरडली, तेव्हा ती कुंपणावरून म्हणाली, "भगवंतराव, त्याचं सरबत केलं असतं त आमीबी पेलो असतो." भगवंतराव म्हणजे मोठे शेतकरी, अन तिचा नवरा पुंजाजी याचे रोजचे तंबाखूचे सोबती. चारचौघांत टोमणा बसला. हसले बिचारे, पण तेव्हापासून संधीची वाट पाहत होते.

ती संधी सूनबाईच्या गाडीनं आणून दिली.

सून रेणुका नर्स आहे, बीबी गावाकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात. डोणगावाहून तिकडं जायचं म्हणजे मेहकरला एसटी बदलायची, पुढची लागली तर लागली. उशीर झाला की तिकडं पोटुश्या बाया ओट्यावर ताटकळत बसायच्या. मुलगा प्रसेनजित गावातल्याच हायस्कुलात मास्तर. त्याचं रोजचं टुमणं एकच होतं, "बदली मांग, मेहकरात ये." रेणुकाचं उत्तरही एकच, "त्या बायाईनं मले आता कुठं ओळखलं. मी नाई सोडत." शेवटी तिनं स्वतःच्या नावावर विजेवरची गाडी घ्यायचं ठरवलं. प्रसेनजितचं मन पेट्रोलच्या गाडीवर होतं, अन ती आपणच चालवावी असंही होतं. बरीच घासाघीस झाल्यावर दोघांत तोडगा निघाला. गाडी जमली तर नोकरी तिथंच, नाही जमली तर रेणुकानं मुकाट्यानं बदली मागायची.

पांढरीशुभ्र गाडी दारात आली तेव्हा अर्धा गाव गोळा झाला. शोरूमच्या पोरानं सोबत हार अन नारळ दिला होता. हार घातला. नारळ हाती घेऊन जनकाबाई म्हणाली, "हा चटणीले कामी येईन. आमच्यात फोडत नाईत."

"लिंबू तरी बांधा," भगवंतराव बोलले. "नवी वस्तू हाय. नजर लागते."

"नजर लागते त तुमी पाहू नका."

लोक हसले. आवाज नाही, धूर नाही, गाडीत पेट्रोल कुठून टाकायचं हेही कोणाला दिसेना. जनकाबाई गाडीभोवती एक फेरी मारून आली.

"हे चालते कशावर वं? हिले भरायचं कुठून?"

रेणुकानं पुढच्या चाकाच्या वर, गाडीच्या गालावर असलेलं एक झाकण दाबलं. ते टचकन उघडलं. "हे तिचं तोंड, आत्याबाई. इथून जेवते थे. रात्री जेवू घातलं की दिवसभर पयते."

रेणुका गमतीनं बोलली. पण तो शब्द भलत्या कानावर पडला. जेवते!

लोक पांगले. रेणुका आत चहा ठेवायला गेली. जनकाबाईनं सकाळीच तांदळाची खीर करून ठेवली होती. गाडीसोबत आलेल्या पोराला दिली, शेजारी वाटली, पुंजाजीनं दोनदा मागून घेतली. वाटीत थोडी उरली. अन दारात ती पांढरी पाहुणी, प्रवास करून आलेली, उपाशी.

आता जनकाबाई अडाणी नव्हे. घरात मिक्सर आहे, फ्रीज आहे, ओल्या हातानं बटण दाबू नये हे ती नातवंडांना शिकवते. वीज वीज असते हे तिला ठाऊक होतं. पण नवं माणूस घरात येतं तेव्हा त्याचं तोंड गोड करतात, हेही तिला ठाऊक होतं. अन हे काही लिंबू नव्हे, उतारा नव्हे. सुजातानं सिद्धार्थापुढं खीर ठेवली, तेव्हा कोणता मंत्र म्हटला होता? भुकेला दिसला, वाटी दिली. तिनं आजूबाजूला पाहिलं, झाकण दाबलं अन गाडीला बोटभर खीर चारली. जनकाबाईचं बोटभर म्हणजे पळीभर, हे सांगायला नको. पदरानं गाल पुसला, झाकण लावलं. "खा माय," म्हणाली. "माह्या पोरीले सांभाळून नेजो."

रात्री रेणुकानं चार्जिंग लावलं. हिरवा दिवा लागला, म्हणून ती निर्धास्त झोपली. सकाळी पाहते तर बॅटरी अर्धीच. नवी गाडी आहे, काही राहिलं असेल, असं समजून ती तशीच ड्युटीवर गेली. येताना मेहकरजवळच्या हॉटेलात मोठा चार्जर होता, तिथं गाडी लावली, तर लाल दिवा. काढून पुन्हा लावली, पुन्हा लाल. जपून जपून, एसी बंद करून, घामाघूम होत तिनं डोणगाव गाठलं, अन ऐन बसस्टँडसमोर, पानटपरीवरच्या सगळ्या डोळ्यांदेखत, गाडी उभी राहिली ती राहिलीच.

लोकांनी ढकलत घरी आणली. ढकलणाऱ्यांत भगवंतराव सगळ्यांत पुढं. मदतीला माणूस पक्का, पण तोंड बंद ठेवून मदत करणं त्यांच्या स्वभावात नाही.

"पुंजाजी, कालच आली न बे गाडी?"

"हाव."

"अन आजच ढकलून राह्यलो आपण?"

"हाव."

"लिंबू बांधलं असतं त?"

"त आपण ढकलताना थे हाललं असतं," पुंजाजी म्हणाला.

अंगणात माणसं जमली. बाई माणसाच्या हाताला गाडी मानवत नाही, असं एकानं म्हटलं. तिनं कुठंतरी आदळली असेल, असं दुसऱ्यानं. रेणुका पायरीवर बसली होती, तोंड एवढंसं झालेलं. प्रसेनजित काही वाईट माणूस नाही, पण लोकांपुढं नवरा होण्याचा मोह त्याला आवरला नाही.

"आपलं ठरलं होतं," तो म्हणाला. "उद्या शोरूमले फोन करतो, घेऊन जा म्हणतो गाडी. अन सोमवारी तू बदलीचं सांग सायबाले."

रेणुकानं गाडीची किल्ली पायरीवर ठेवली. ठरलं होतं, हे खरंच होतं.

जनकाबाई या वेळी गाडीपाशी उभी होती. तिला एक रांग दिसली. काळ्या मुंग्यांची. कुंपणापासून निघून, टायरवर चढून, ती थेट गाडीच्या गालात जात होती. बाईनं जन्मभर साखरेचे डबे सांभाळलेले. मुंगी कुठं जाते अन काऊन जाते, हे तिला वेगळं कोणी सांगायची गरज नव्हती.

तिला कालची खिरीची वाटी आठवली. गप्प राहिली असती तर कोणाला कळणार होतं? उद्या शोरूमचा माणूस येईल, काहीतरी इंग्रजीत बोलेल, गाडी घेऊन जाईल. अन सांगितलं तर? समोर भगवंतराव. जिनं त्यांच्या लिंबाची चारचौघांत थट्टा केली, तिनं गाडीला खीर चारली! गावात पिढ्यान्‌पिढ्या पुरेल असा विनोद होता तो. तिनं पायरीवरच्या रेणुकाकडं पाहिलं. मग डोक्यावरचा पदर नीट केला अन अंगणाच्या मधोमध आली.

"गाडी रेणुकानं नाई बिघडवली," ती म्हणाली. "म्या बिघडवली. म्या तिले खीर चारली."

कोणाला अर्थच लागला नाही.

"कोणाले चारली, माय?" प्रसेनजितनं विचारलं.

"गाडीले. तिच्या तोंडात. तांदयाची."

आधी पुंजाजीच्या घशातून हसू फुटलं, अन मग सगळं अंगण हसू लागलं. भगवंतरावांना तर खाटेवर बसावं लागलं. डोळे पुसत ते म्हणाले, "जनकाबाई, आमचं लिंबू अंधश्रद्धा, अन तुमची खीर काय वं?"

"येडेपणा," जनकाबाई म्हणाली. "माह्या एकटीचा. हसा पोटभर. पण मंघाशी ज्यानं ज्यानं बाईच्या हाताले नावं ठेवली, त्यानं आधी थे शब्द वापस घ्या, अन मंग हसा."

हसू जागच्या जागी थांबलं. बाईच्या हाताबद्दल बोललेला माणूस चप्पल शोधू लागला.

"चूक माही बी हाय," रेणुका उठत म्हणाली. "मीच म्हणलं न, जेवते म्हणून."

"तू काही म्हणजो. हात माहा होता."

दुसऱ्या दिवशी शोरूमचा कारागीर आला. त्यानं झाकण उघडलं, टॉर्चच्या उजेडात आत पाहिलं अन एक शीत बोटावर काढलं. "हा भात आहे का?" त्यानं विचारलं.

"खीर," जनकाबाईनं सांगितलं. "लपवून काय करू? इलायची बी हाय त्यात."

त्यानं मुंग्या काढल्या, आतला तो भाग सोडवून नवा बसवला. काम करता करता म्हणाला, "काकू, तुमचं दैव चांगलं. आत ओल लागली, हे गाडीनं स्वतःच ओळखलं अन वीज घेणं बंद केलं. नाहीतर जळलं असतं."

"म्हंजे नको तिथं तोंड मिटते," जनकाबाई म्हणाली. "शहाणी हाय. आमच्याकडल्या कितीकाईले जमत नाई."

ही गोष्ट अर्थातच गावभर झाली. आजही बसस्टँडवर तिला पाहून कोणी ना कोणी म्हणतं, "जनकाबाई, आमच्या मोटरसायकलीले शिरा चालते का?" ती चिडत नाही. उलट लिंबू-मिरचीवर बोलताना आता स्वतःचाच दाखला देते. "पाहा, म्या खीर चारली, त माही गाडी बंद पडली. मले कबूल हाय. तुमचं लिंबू सुकते, त्यानं काय होते, कोणी कबूल करते का?" यावर भगवंतराव तंबाखू मळायला घेतात.

सोमवारी सकाळी गाडी पूर्ण भरलेली होती. रेणुका डबा घेऊन बाहेर आली, तर प्रसेनजित चालवायच्या बाजूचं दार उघडून उभा.

"आजच्या दिवस मी सोडून देतो," तो म्हणाला. "रस्त्यात काही झालं त?"

रेणुका डबा हातात धरून थांबली. बदलीचं नाव त्यानं काढलं नव्हतं, पण ते त्या उघड्या दारात उभंच होतं. जनकाबाई अंगण झाडत होती. तिनं खराटा खाली ठेवला नाही, मानही वर केली नाही.

"प्रसेनजित," ती म्हणाली, "बाजूले सरक. तिले गाडी काढू दे. बाया वाट पाहून राह्यल्या असतीन."

तो सरकला.