खेळातला पुजारी

अमरावतीत आम्ही चार मित्र रविवारी दुपारी फाशांचा एक खेळ खेळायचो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. माझे वडील अकोल्यात पौरोहित्य करतात, म्हणून मला न विचारताच क्लेरिक दिला. प्रार्थना करून जखमा बऱ्या करणारा पुजारी. मी घरची पोथी सोडून वकिली धरलेली. ते पात्र मला पहिल्या दिवसापासून टोचत होतं.

एका रविवारी खेळात एका मित्राचा योद्धा दरीत कोसळला. गोष्ट सांगणारा मला म्हणाला, "तो मरून राहिला, अजून जीव हाये. प्रार्थना कर, मग फासा टाक. पण शब्द तुहे पायजेत."

मी फासा नुसता हातात घोळवत राहिलो.

"काहून गप्प बे? तुह्या तं घरातच मंतर हायेत," योद्धेवाला हसला.

मी उठून गच्चीवर गेलो. दोन-चार येरझारा घातल्या आणि वडिलांना फोन लावला. "बाबा, माणूस शेवटच्या घटका मोजत असला की तुम्ही काय म्हणता?"

"कोणाले काय झालं?" ते घाबरले.

"कोणालेच नाही. खेळ आहे."

"मंत्र मागून म्हणतो," ते म्हणाले. "आधी त्याचा हात धरतो. मलेच धीर लागते."

हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

खाली येऊन मी योद्धेवाल्या मित्राचा हात धरला. तो ओशाळला, पण हात काढून घेतला नाही. "जाऊ नको," एवढंच म्हणून मी फासा टाकला. दोनच पडले. योद्धा गेला.

मित्र नवं पात्र लिहायला बसला. मला मात्र बसवेना. मी गाडी काढली आणि अकोल्याला निघालो.