मनगटापर्यंतची बाही

बाहीमावशीच्या हाती कुणी टॉवेल दिला, तर ती त्यालाही बाह्या लावून परत करील, असं चर्चमधल्या पोरी म्हणायच्या. मावशीच्या कानावर ते गेलं होतं. ती हसून म्हणायची, "द्या की आणून. कॉलरही लावते."

कामच तिचं ते. बाजारातून आणलेले तयार ड्रेस बायका तिच्याकडे घेऊन यायच्या. गळा खोल, बाही नावाला, घेर गुडघ्याच्या वर. मावशी गळ्याला आतून पट्टी लावायची, दुमड उसवून घेर खाली सोडायची आणि बाहीला असा जोड द्यायची की तो कुठे आहे हे तिलाच नंतर शोधावं लागे. दर रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत ती मुलींचा वर्ग घ्यायची. केस, दागिने, कपडे हे सगळं वरवरचं. देवाला दिसतं ते मन. शांत, सौम्य, कमी बोलणारी बाई त्याच्या लेखी सगळ्यात देखणी. हे सांगताना मावशीचा चेहरा खरोखर उजळायचा. ढोंगी नव्हती हो ती! मनापासून मानायची, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

तिला एकच लेक, आणि तीच नेमकी आईच्या शिकवणीवर उठलेली. सतराव्या वर्षी तिनं आईनं जोडलेल्या सगळ्या बाह्या कापून उशीच्या खोळीत भरल्या होत्या. हसायची तर शेजारच्या इमारतीत ऐकू जायचं. "अगं, हळू हस!" यातच मावशीची वीस वर्षं गेली. मग लेकीचं लग्न झालं, चर्चच्या गायनवर्गाच्या मास्तराशी. देखणा माणूस, ऑर्गनवर हात लोण्यासारखा फिरणारा, म्हाताऱ्यांना हाताला धरून पायऱ्या चढवणारा. मावशीचा जीव भांड्यात पडला.

लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच लेक बदलली. आधी तिनं कोपरापर्यंत बाह्या मागितल्या. मग मनगटापर्यंत. मग गळाबंद कॉलर, मग बाहीच्या टोकाला तीन-तीन बटणं, "म्हणजे वर सरकायला नको." हसणं बंद. बोलणं हो-नाहीपुरतं. दुसरी कुठली आई असती तर तिच्या पोटात गोळा आला असता. आमच्या मावशीला आभाळ ठेंगणं झालं! एवढी वर्षं प्रार्थना केली, देवानं ऐकली, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली. बायकांच्या वार्षिक सभेत तर तिनं लेकीला सगळ्यांपुढे उभं केलं. "पाहा," म्हणाली, "ही माझी तीच लेक. आतून बदलली की वेगळं सांगावं लागत नाही." दीडशे बायकांनी टाळ्या वाजवल्या. लेक फरशीकडे बघत उभी राहिली. मावशीला वाटलं, काय ही नम्रता!

एका मंगळवारी लेकीचा निळा ड्रेस दुरुस्तीला आला. उजव्या खांद्याची शिवण उसवलेली. तीन महिन्यांत दोनदा तीच शिवण मावशीनं घातली होती. "दाराच्या कडीत अडकते," असं लेक फोनवर सांगायची आणि मावशी निमूटपणे दुहेरी टीप मारून द्यायची. या वेळी टीप शाबूत होती. तिच्या शेजारचं कापडच फाटलं होतं. मावशीनं चष्मा पुसला आणि ड्रेस खिडकीशी नेला. हात वर करून शिवण जाते ती काखेतून. कडीत अडकलं तर एका जागी चीर पडते. ही फाट खांद्यावरून पाठीकडे गेली होती, कुणी बाही मुठीत धरून ओढली की जाते तशी. तिनं बाही उलटी केली. कोपराजवळ आतून तपकिरी डाग होता, धुतलेला, पण पुरता न गेलेला. चाळीस वर्षं कपडे हाताळलेली बाई ती. तिला डाग कळत नाही होय?

ड्रेस पिशवीत कोंबून ती भर दुपारी लेकीच्या घरी गेली. मास्तर कामावर गेला होता.

"बाही वर कर," ती दारातच म्हणाली.

"आई, आत तर ये."

"बाही वर कर म्हणते ना!"

लेकीनं बटणं काढली. मावशीनंच लावलेली ती, घट्ट, सहज न निघणारी. मनगटापासून दंडापर्यंत हात जुन्या-नव्या वळांनी भरलेला होता. पिवळे, हिरवट, काळेनिळे. दंडावर चार बोटं अशी उमटली होती की मोजून घ्यावीत.

मावशीनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मला सांगितलं का नाहीस गं? मी मेले होते का?"

"आले होते सांगायला." लेकीच्या आवाजात रागसुद्धा नव्हता, आणि त्यानंच मावशी जास्त घाबरली. "पहिल्यांदा झालं तेव्हाच आले होते. म्हटलं, आई, त्यांचा हात उठतो. तू तोंडात टाचण्या धरून माझ्या बाहीचं माप घेत होतीस. म्हणालीस, बाई शांत राहिली की पुरुष आपोआप निवळतो. आणि मग म्हणालीस, बाही अजून दोन बोटं वाढवू या."

मावशीला आठवलं. शब्द न् शब्द आठवला. तेव्हा तो ऐकूनही तिनं ऐकला नव्हता, एवढंच.

"तुझ्या बाहीखाली काय आहे ते मी लहानपणीच पाहिलंय," लेक म्हणाली. "आंघोळीच्या वेळी दार लोटलेलं राहिलं होतं. बाबा गेले, तरी तू बाही वर केली नाहीस. मला वाटलं, चांगल्या बायकांचं असंच असतं."

मावशीच्या डाव्या दंडावर तापलेल्या इस्त्रीच्या टोकाचा डाग होता. नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली होती.

"चल," ती लेकीचे कपडे गोळा करायला लागली. "आत्ताच्या आत्ता घरी चल."

"आणि लोकांना काय सांगू? तू मला दीडशे बायकांपुढे उभं केलंस. माझ्याकडे बघून पोरी बाह्या वाढवायला लागल्या. आता बोलले तर म्हणतील, सगळं सोंग होतं. आणि हे तर मला म्हणतातच, तुझी आईच माझ्या बाजूनं बोलेल." लेकीनं तिच्या हातातले कपडे काढून घेतले. "तू जा, आई. त्यांची यायची वेळ झाली."

तिथून मावशी थेट पाळकसाहेबांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि कपाळ चोळत बसले. "मावशी, मास्तरांसारखा माणूस... बरं, लेकीला येऊन स्वतः सांगू द्या. ती तर कधी काही बोलली नाही. आणि सभेत तुम्हीच तर..."

बुधवारी फोन लागला नाही. गुरुवारी दार मास्तरानं उघडलं, तेही अर्धंच. "ती झोपलीय, आई. थकते हो हल्ली." आवाज मधासारखा गोड. मावशीला वाटलं, याचं नरडं धरावं, आणि तोंडातून निघालं काय, तर "बरं." जन्मभराची सवय ती, अशी जाते होय? घरी येऊन ती गुडघ्यांवर बसली. प्रार्थना पाठ होती, पण तोंडाला येईना. "देवा, मीच तिला झाकलं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शनिवारपर्यंत तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. एकच गोष्ट डोक्यात होती: पुढच्या वेळी फाटेल ते कापड नसेल.

रविवारी साक्षीची वेळ झाली, म्हणजे ज्याला देवानं केलेलं काही सांगायचं असेल त्यानं पुढे यायचं. मावशी पुढे गेली आणि तिनं कोट काढला. ड्रेसला बाह्या नव्हत्या. सकाळीच तिनं त्या उसवल्या होत्या. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं.

"हा डाग इस्त्रीचा आहे," मावशी म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं दिला. मी तो झाकला आणि त्याला शालीनता म्हटलं. मग तेच तुमच्या पोरींना शिकवलं. देवानं असलं कधी मागितलं नव्हतं हो! त्याला मन दिसतं, तर वळ दिसत नाहीत का? आणि माझी लेक..."

ऑर्गन सुरू झाला. कुणी सांगितलं नसताना मास्तरानं पुढचं गीत उचललं, आणि गायनवर्ग बिचारा सवयीनं गायला लागला. पाळकसाहेब हातानं "बसा, बसा" करू लागले. पहिल्या रांगेतून एक बाई शाल घेऊन लगबगीनं पुढे आली आणि तिनं ती मावशीच्या उघड्या खांद्यांवर टाकली. ती लेकच होती.

"झाकून घे, आई," ती कुजबुजली. "पाया पडते तुझ्या. घरी गेल्यावर मला भोगावं लागेल."

"घरी जायचंच नाही." मावशीनं तिचं मनगट धरलं.

"सोड."

"नाही सोडत."

मास्तर वाजवत होता आणि वाजवता वाजवता त्यांच्याकडेच बघत होता. आपण धरलंय तिथेच दुखतंय, हे मावशीला कळत होतं. पण आता सोडली तर पोर जन्माची गेली, याशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. तिनं मूठ आणखी आवळली.

"आई गं, दुखतंय!"

सगळ्या चर्चभर गेला तो आवाज. लेक स्वतःच दचकली. मग तिला थांबताच येईना. "दुखतंय! सगळीकडे दुखतंय मला! यांनी मारलंय, सगळीकडे मारलंय!"

ऑर्गन थांबला. मावशीनं मूठ सोडली. लेक मात्र जागची हलली नाही. सगळ्यांसमोर तिनं आपल्या बाहीचं पहिलं बटण काढायला घेतलं.