सुजाता वाचायची त्या प्रेमकथा

फोन सुजाताच्या नंबरवरून आला होता, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "येताना दही घेऊन ये." पलीकडून एका अनोळखी माणसाचा आवाज आला, "साब, आप 'अहो' बोल रहे क्या?" मला काही कळेना. तो म्हणाला, "इस फोन में सबसे ऊपर 'अहो' करके नाम है, इसलिए आपको लगाया. मॅडम हमारी दुकान में गिर गए. सुलतान बाजार में. आप जरा जल्दी आव." मी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि निघालो. आमचं घर हैदराबादेत मलकपेटला, अंतर काही फार नाही, पण वाटेत कोठी चौकाच्या गर्दीत ऑटो अडकला. मी उतरून चालत सुटलो. दुकानाच्या मालकाने तिला जवळच्याच एका दवाखान्यात नेलं होतं आणि तो स्वतः बाहेर पायरीवर उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच मला... म्हणजे कळलं असं नाही म्हणणार. अजूनही कळलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, आणलं तेव्हाच काही उरलं नव्हतं. बीपी नाही, शुगर नाही, साठी नुकती ओलांडलेली बाई. सकाळी पोह्यांची बशी हातात घेऊन ती मला एका कादंबरीतली गोष्ट सांगत होती. मधेच उठली आणि म्हणाली, "बाकीचं आल्यावर सांगते."

त्या दुकानदाराने माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. "मॅडम का सामान." आत दोन शर्टपीस होते, फिकट निळे, अगदी एकसारखे. मी तो रंग घालत नाही. आणि घातला तरी दोन कशाला? बायको आत स्ट्रेचरवर आहे आणि मी पिशवीत बघत हा विचार करतोय, याची मला आज लाज वाटत नाही, नवल वाटतं. डोकं अशा वेळी हाताला लागेल ते धरून बसतं.

सुजाता एका शाळेत इंग्रजी शिकवायची. तिच्या विद्यार्थ्यांनी तिच्यावर खूप चांगलं लिहिलं, बोललं. जलदानविधीला इतकी मुलं आली की बुद्धवंदनेला बसायला सतरंज्या शेजाऱ्यांकडून आणाव्या लागल्या. त्यांच्या बाईंबद्दल ती सांगतीलच. मला तिचं वाचन सांगायचं आहे, कारण ती सगळ्यात जास्त 'ती' असायची ती एखादं पुस्तक आपटून त्याच्याशी भांडताना. लग्न होऊन मी तिला परभणीहून इथे आणलं, तेव्हापासून ती कोठीच्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी पुस्तकं आणायची. त्यातल्या निम्म्या प्रेमकथा असत, कव्हरवर केस उडणारी बाई आणि बटणं उघडी टाकलेला पुरुष. ती रिटायर झाल्यावर आमच्या रमाने, म्हणजे मुलीने, तिला टॅबलेट घेऊन दिला आणि फुटपाथ सुटला.

एकदा गाडीची वेळ बघायला मी तो टॅबलेट उघडला आणि दचकलो. कव्हरवर दोन पुरुष होते. एकाचं कपाळ दुसऱ्याच्या कपाळाला टेकलेलं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि विचारलं, "हे काय वाचतेस?"

"प्रेमकथा."

"अगं, पण दोघेही..."

"हो. दोघेही." तिने भाजी परतली. मला तिथेच उभा राहिलेला बघून म्हणाली, "बाई आणि पुरुष असले की पहिल्या पानापासून मला माहीत असतं, शेवटी चहा कोण करणार. या गोष्टींत ते आधीपासून ठरलेलं नसतं. दोघांना ते ठरवावं लागतं. मला ते बघायला आवडतं." मग गॅस बारीक करून माझ्याकडे वळली. "तुम्ही ठेवता का आज चहा?"

मी ठेवला. तेव्हापासून संध्याकाळचा चहा माझ्याकडे आला, त्यामागे एवढं मोठं काही नव्हतं.

त्यानंतर ती मला सगळं सांगायला लागली. मी न वाचता त्या कादंबऱ्या ऐकल्या, त्यापेक्षा जास्त तिची मतं ऐकली. तिचा पहिला कायदा, कुणी मरायचं नाही. नवीन पुस्तक घेतलं की आधी शेवटची दोन पानं वाचायची. दोघेही जिवंत आणि एका घरात असले तरच पहिलं पान. "या पोरांना गोष्टीत मारून मारून लेखक दमले नाहीत अजून," ती म्हणायची. "लेखकाला पुढे सुचत नाही म्हणून एकाला आजार देतो. मी असली पुस्तकं का वाचू?" दुसरं, पाऊण पुस्तक झालं की होणारं भांडण. एका वाक्यात मिटलं असतं असल्या कारणावरून दोघे वेगळे होतात आणि चाळीस पानं रडतात. वर्गात परीक्षेच्या आदल्या दिवशी आजारी पडणाऱ्या पोरांइतकाच तिचा या भांडणांवर विश्वास होता. तिसरं, कुणाचंच पोट सुटलेलं नसतं, कुणाला ॲसिडिटी होत नाही, सगळ्यांची एक तर बेकरी असते नाही तर ते बर्फावर हॉकी खेळतात. त्या हॉकीचे नियमही ती शिकली होती. हैदराबादेत, चैत्राच्या उन्हात, कूलरसमोर बसून ती मला सांगायची की खेळाडूला शिक्षा म्हणून बाहेर बसवतात तेव्हा त्याची टीम एका माणसाने कमी होते, आणि नेमकं तेव्हाच त्याचा तो प्रियकर गोल करतो. मालिका असली तर पहिल्या भागातला मित्र दुसऱ्या भागात कुणाच्या तरी प्रेमात पडणार, दुसऱ्यातला भाऊ तिसऱ्यात. "सगळ्या गावाच्या जोड्या लावून टाकतात," म्हणत ती हसायची आणि पुढचा भाग घ्यायची. शृंगाराची पानं मी उलटून टाकते, असं एकदा म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "नाही, खोटं कशाला बोलू. वाचते."

आपल्या देशात घडणाऱ्या गोष्टींवर मात्र तिचा राग खरा होता. ती माणसं नेहमी मोठ्या बंगल्यातली, आडनावं ठरावीक, आडनाव विचारण्याची वेळच येत नाही अशी. "आपल्यातलं कुणी प्रेमात पडत नाही का हो? त्या दोघांना खोली भाड्याने घेताना काय काय विचारलं असतं, एक तरी लिहा ना." आणि आया. आयांवर तर ती तासभर बोलायची. "यांच्या पुस्तकात दोनच आया. एक घराबाहेर काढते, दुसरी केक घेऊन मिठी मारते. आपल्या आया असं काही करत नाहीत. आपल्या आया 'जेवलास का' विचारतात आणि विषय बदलतात. वर्षानुवर्षं बदलतात."

हे शेवटचं वाक्य ती चारचौघांत बोलली. आमच्या मराठी मंडळाचा एक वाचनगट आहे, बहुतेक रिटायर झालेल्या बायका आणि माझ्यासारखे त्यांना सोडायला गेलेले नवरे. आवडत्या पुस्तकावर बोलायचं होतं. सुजाताने उभं राहून एका शाळामास्तर आणि एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आणि ओघात ते आयांचं वाक्यही. दोघेही पुरुष आहेत हे लोकांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग मागे कुणीतरी हसलं. सेक्रेटरींनी घाईने आभार मानायला सुरुवात केली. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या कदमकाकू बोलल्या. आमच्या सगळ्यांत थोरल्या, नवऱ्याच्या माघारी एकट्या राहणाऱ्या, सुलतान बाजारात त्यांचं पिढीजात दुकान होतं ते विकून आता कोठीला फ्लॅटमध्ये असलेल्या. त्यांनी विचारलं, "मग त्या मास्तराच्या आईचं काय झालं?"

"आई शेवटी आली, काकू. पण लेखिकेने घाई केली. आई इतक्या लवकर येत नाही."

त्या दिवसानंतर रोज दुपारी त्यांचा फोन यायला लागला. त्यांना इंग्रजी येत नाही. सुजाता त्यांना कादंबरी मराठीत सांगायची, रोज थोडी थोडी, स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढून. मला वाटायचं, दोघींचा वेळ जातोय. मी आतल्या खोलीत पेपर वाचत पडलेला असायचो.

ती गेल्यावर काकू विधीला आल्या नाहीत. मला जरा लागलं ते. पुढे एका रविवारी सकाळी बेल वाजली आणि दारात काकू, त्यांच्यामागे दोन पुरुष, दोघेही पंचेचाळिशीच्या आसपासचे. काकू आत येऊन बसल्या. एकाकडे बोट करून म्हणाल्या, "मिलिंदराव, हा माझा सतीश. चेन्नईला असतो." मग दुसऱ्याकडे बघितलं आणि त्यांचं बोट मधेच थांबलं. "आणि हे अरविंद. सतीशचे... सतीशच्या घरचे."

मी पाणी आणायला उठलो. परत आलो तेव्हा काकू सांगत होत्या, मला की स्वतःला, नक्की नाही सांगता येणार. सतीशला त्या दर दिवाळीला बोलवायच्या, पण एकट्याला. तो यायचा नाही. त्या फोनवर जेवलास का विचारायच्या आणि हवापाण्याचं बोलायच्या. "सुजाताला मी काही सांगितलं नव्हतं. तिनं त्या गोष्टी सांगता सांगता ओळखलं असणार. एक दिवस मीच विचारलं, बोलवायचं तर काय बोलू गं त्याच्याशी? तर म्हणाली, काकू, आधी दोघांना जेवायला बोलवा, बोलायचं काय ते वाढताना सुचेल. मी बोलवलं. यायचं ठरलं या दोघांचं. पहिल्यांदा घरी येणार, तर आहेर नको का? माझे पाय चालत नाहीत. तिला म्हटलं, दोघांना सारखं काही तरी आण. कमीजास्त नको."

मी उठून कपाट उघडलं. पिशवी तशीच होती. मी ती काकूंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी आत बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "माझ्या कामाला गेली होती हो ती. मी कोणत्या तोंडानं विधीला येऊ..."

मला काय वाटलं ते मी सरळ सांगतो. पहिला क्षण रागाचा होता. ती माझ्याशी रोज बोलायची, प्रत्येक पुस्तक सांगायची, आणि हे एवढं मोठं, खरं, चालू असलेलं तिने मला सांगितलं नव्हतं. मग लक्षात आलं, ते तिचं नव्हतंच सांगायचं. काकूंनी विश्वासाने सोपवलेलं होतं. मी काकूंना म्हणालो, "ती तुमच्या कामाला गेली नसती तर घरात पडली असती. डॉक्टरांनी सांगितलंय, ते कुठेही झालं असतं. माझ्यासमोर झालं असतं तरी मला काही करता आलं नसतं." ते खरंही होतं, पण मी ते पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होतो. सतीश मान खाली घालून बसला होता. अरविंद हिंदीत म्हणाला, "अंकल, आम्ही त्यांना भेटलो नाही कधी. पण अम्मांनी फोनवर पहिल्यांदा माझं नाव घेतलं, तेव्हा म्हणाल्या, सुजाता म्हणते, तुलाही विचारून घ्यावं, तिखट किती चालतं." त्यावर काकू रडता रडता हसल्या. काकूंनी दोघांना उभं केलं, कुंकू लावलं, आणि शर्टपीस दिले. माझ्या घरात, सुजाताच्या फोटोसमोर. त्या दोघांनी वाकून नमस्कार केला, आधी काकूंना आणि मग मला. मी काय केलं होतं? मी तर शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो.

हे लिहायला काकूंनी आणि सतीशनेच सांगितलं. त्यांची नावं बदलली आहेत. रमाला फोनवर वाचून दाखवलं, तिला मराठी वाचायला वेळ लागतो. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मम्मीने कधी बोललंच नाही मला. मी तर तिला चिडवायची, काय टाइमपास वाचतेस म्हणून." त्या सकाळची अर्धी राहिलेली गोष्ट कोणत्या पुस्तकातली, ते मी रमालाही विचारलं. टॅबलेटमध्ये शेकडो पुस्तकं आहेत. ते काही सापडलं नाही, सापडेल असं आता वाटतही नाही.

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होतो, तर ओट्यावर चार्जिंगला लावलेला टॅबलेट उजळला. तुमचं पुस्तक आलं आहे, असा निरोप होता. कुठल्या तरी मालिकेचा नवा भाग, तो निघायच्या आधीच तिने मागवून ठेवलेला. सुजाताचं नाव घेऊन तो टॅबलेट तिला आनंदाने वाचायला बोलावत होता. त्याला कुणी कळवलं नव्हतं. मी हात पुसले, तिची खुर्ची खिडकीशी ओढली आणि पहिलं पान काढलं. माझं इंग्रजी ऑफिसच्या फायलींपुरतं. एकेका पानाला वेळ लागतो. गोष्ट एका डॉक्टरची आणि एका सुताराची आहे. डॉक्टरला दुसऱ्या गावी नोकरी मिळाली आहे आणि तो ते सुताराला सांगत नाही, का तर त्याला वाईट वाटेल. पानामागून पानं तो गप्प बसतो. काल दुपारी मला राहवलं नाही. मी टॅबलेट मांडीवर आपटला आणि मोठ्याने म्हणालो, "अरे, सांग ना त्याला सरळ. माणूस उद्या असेल कशावरून?"

खाली भाजीवाला तेलुगूत ओरडत गेला. मी चष्मा पुसला आणि पुढचं पान काढलं.