डाव्या पायाचं काम

कापसाचं सगळंच बिनसलेल्या त्या वर्षांत पांढरकवड्याला परदेशी माणसं येऊ लागली. कुणी वर्तमानपत्राचं, कुणी टीव्हीचं, कुणी विद्यापीठाचं. त्यांना खेड्यांत जायचं असे, शेतकऱ्यांशी बोलायचं असे, आणि आमच्या गावात इंग्रजी बोलणारी माणसं मोजकीच. मी तिथल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. घरची शेती केळापूरच्या बाजूला, कापूस आणि तूर. ती नवरा बघायचा. दिवाळीच्या सुट्टीत ओळखीच्या एका वकिलांनी विचारलं, दोन पाहुणे येताहेत, आठ दिवस दुभाषी म्हणून त्यांच्यासोबत फिराल का? मी लगेच हो म्हणाले. वर्षानुवर्षं धड्यातलं इंग्रजी शिकवून कंटाळले होते. जिवंत माणसाचं ऐकायला मिळेल, एवढाच लोभ.

पाहुण्यांपैकी एक अमेरिकन, टेक्सासचा. पंचेचाळिशीचा, उंच, मान वाकवून बोलणारा. तिकडच्या एका कॉलेजात तो शेतीचं अर्थशास्त्र शिकवायचा, पण मुळात कापूस पिकवणाऱ्या घरातला. दुसरी जर्मन बाई, माझ्याच वयाची, फोटो काढणारी. दोघं एका मासिकासाठी एकत्र काम करत होते आणि एकमेकांना फार काही ओळखत नव्हते.

गाडी होती चाचांची; सगळं गाव त्यांना चाचाच म्हणे. चाचांचं गॅरेज बस स्टँडच्या मागे, वडिलांपासूनचं. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. ताडपत्रीचं छत असलेली त्यांची जुनी जीप ते भाड्यानं द्यायचे, पण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती कधी देत नसत.

पहिल्याच सकाळी अमेरिकन पुढे बसायचं म्हणून जीपच्या उजव्या बाजूला गेला, दार उघडलं आणि समोर स्टिअरिंग बघून थांबला. दुसऱ्या दिवशी जर्मन बाईनं अगदी तेच केलं. दोघांच्याही देशांत गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात आणि चालवणारा डावीकडे बसतो, हे मला त्या दिवशी कळलं. गाड्यांच्या बाबतीत त्या दोघांचं एकमत होण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती. बाकी सगळ्यात ते आठ दिवस भांडत राहिले, आणि मी मध्ये बसून चाचांना मराठीत सांगत राहिले.

अमेरिकनाची गाडी म्हणजे आपल्याकडच्या मेटॅडोरएवढी, असं तो हातवारे करून सांगायचा. त्याच्या घरापासून किराण्याचं दुकान अर्ध्या तासावर, रस्ता सरळ, पेट्रोल स्वस्त. सकाळचा नाश्ता तो गाडीतच करायचा. बँकेचं काम, औषधं, कॉफी, सगळं गाडीत बसल्या बसल्या खिडकीतून मिळायचं. कॉफीचे पेले ठेवायला गाडीत चार खाचा होत्या.

जर्मन बाईला हे ऐकून शिसारी आली. गाडीत जेवायचं म्हणजे न्हाणीघरात जेवल्यासारखं, असं ती म्हणाली. तिचं गाव जुनं, गल्ल्या अरुंद, घोडागाड्यांच्या काळातल्या. तिच्या वडिलांनी एकच छोटी डिझेलची गाडी वीस वर्षं वापरली होती, आणि ती दोन मोटारींच्या मधल्या फटीत अशी लावायचे की बाहेर पडताना पोट आत घ्यावं लागे. गाडी चालवणं हे तिच्या लेखी काम होतं, दोन्ही हातांचं आणि दोन्ही पायांचं. परवान्यासाठी ती कित्येक महिने शिकवणीला गेली होती. मोठ्या महामार्गावर चालवून दाखवावं लागलं, जखमी माणसाला कसं सांभाळायचं तेही शिकावं लागलं, आणि पहिल्यांदा ती नापासच झाली होती. अमेरिकन सोळाव्या वर्षी परीक्षेला गेला तेव्हा एक अधिकारी शेजारी बसला, चार गल्ल्या फिरवल्या, दोन खांबांच्या मध्ये गाडी लावायला लावली आणि झालं. तोवर तो शेतात चार वर्षं गाडी चालवतच होता.

त्याच्या गाडीला क्लचच नाही आणि गिअर आपोआप पडतात, हे मी सांगितलं तेव्हा चाचांनी पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं.

"मंग डावा पाय कायले हाये त्यायले?" त्यांनी विचारलं.

मी ते इंग्रजीत सांगितलं. अमेरिकन हसला आणि म्हणाला, आराम करायला.

तिसऱ्या दिवशी केळापूरपुढच्या एका शेतात कापूस वेचणाऱ्या बाया भेटल्या. सात-आठ जणी, कमरेला ओटी बांधून झपाझप वेचत होत्या. अमेरिकनानं बोंड हातात घेऊन पाहिलं, आणि आपलेही वडील कापूसच लावायचे असं सांगितलं. तुमच्याकडं वेचाईला किती बाया लागतात, असं एकीनं विचारलं. तो म्हणाला, यंत्र वेचतं. त्यात वर एक माणूस बसतो आणि चालवतो. मी ते सांगितलं. मग त्यांच्यातली सगळ्यात मोठी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यायले विचारा, मंग बाया काय करून राह्यल्या तिकडं?"

आपली आई कापसानं भरलेली ट्रॉली मोटारीला जोडून जिनिंग मिलला घेऊन जायची, असं त्यानं सांगितलं. तो लहान असताना, दर हंगामात, दिवसातून तीन फेऱ्या. वडिलांपेक्षा ती चांगली चालवायची.

बायांना हे फार आवडलं. त्या एकमेकींना सांगू लागल्या, हसल्या. मग तीच मोठी बाई म्हणाली, "मॅडम, तुमाले येते का गाडी?"

मी नाही म्हणाले.

"मंग आपुन सारख्याच," ती म्हणाली आणि वेचायला लागली.

तिचं काही चुकलं नव्हतं. तरी परतीच्या वाटेवर मी चाचांच्या पायांकडे बघत बसले. इतकी वर्षं कुणाच्या ना कुणाच्या मागे बसून हिंडले, नवऱ्याच्या मोटारसायकलवर, एसटीत, भावाच्या गाडीत. चालवणाऱ्याचे पाय काय करतात ते कधी पाहिलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी आम्ही दारव्हा तालुक्यात बोरी अरबला गेलो होतो. बाजारात फोटो काढून झाले, निघायची वेळ झाली आणि मागचं चाक पंक्चर निघालं. चाचांनी एकट्यानंच स्टेपनी उचलली, चाक बदललं, आणि सरळ उभे राहायला गेले ते राहताच आलं नाही. कमरेत उसण भरली होती. चेहरा पांढरा पडला. अमेरिकनानं आणि मी धरून त्यांना मागच्या बाकावर आडवं केलं. पाय पुढे घेणंही जमत नव्हतं, तिथे गाडी चालवणं दूरच.

अमेरिकन म्हणाला, मी चालवतो. तीस वर्षं तो रोज गाडी चालवत होता. तो बसला, किल्ली फिरवली, जीप एक हिसका देऊन बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मागून चाचा कण्हले, आणि ते कमरेसाठी होतं की जीपसाठी, ते कळायला मार्ग नव्हता. अमेरिकन खाली उतरला. त्याचे कान लाल झाले होते.

मग जर्मन बाई बसली. तिच्याकडे परदेशात चालणारा परवाना होता. गिअर डाव्या हातानं टाकायची सवय नव्हती म्हणून तिनं उभ्या गाडीत आठ-दहा वेळा ते करून पाहिलं, आरसा नीट केला आणि जीप अशी सोडली की चाकं कधी फिरू लागली ते कळलं नाही. चाचांनी डोळे उघडले. "ही बाई ड्रायव्हर हाये," ते हळूच म्हणाले. गॅरेजमधल्या स्वतःच्या माणसांबद्दलही असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

गाडी हातात होती. रस्ता मात्र तिच्या ओळखीचा नव्हता. ती हॉर्न वाजवत नव्हती. तिच्या देशात हॉर्न म्हणजे धोका, नाहीतर शिवी. समोर कापसाची बैलगाडी होती आणि आम्ही तिच्या मागे बैलांच्या चालीनं जात होतो. आम्हाला ओलांडून गेलेल्या एका ट्रकच्या मागे लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं: हॉर्न वाजवा, अशी तो स्वतःच विनंती करतोय. तिनं भीत भीत एकदा वाजवला. गाडीवान न बघताच बाजूला झाला. पुढे तिला हॉर्नची गोडी लागली.

यवतमाळच्या अलीकडे एका चौकात ती पूर्ण थांबली. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा तिच्याकडचा नियम. उजवीकडून येणारे संपतच नव्हते. अमेरिकन म्हणाला, आमच्याकडे चौघंही थांबतात आणि जो आधी आला तो आधी जातो. आपण केव्हाचे आलोय, निघ. ती म्हणाली, इथे कुणी थांबलंय का? दोघांचं चांगलंच जुंपलं आणि मागे वाहनांची रांग लागली. चाचांनी आडव्यानंच मला हाक मारली.

"मॅडम, यायले म्हना, इथं पयले ट्रक, मंग एसटी, मंग ज्याची हिंमत."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तिनं एक श्वास घेतला, पहिला गिअर टाकला आणि एका टेम्पोच्या नाकासमोरून जीप पलीकडे नेली. मग ती इतकी हसली की पुढे कडेला थांबावं लागलं.

यवतमाळला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, कमरेला पट्टा दिला आणि तीन दिवस वजन उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही असं सांगितलं. पाहुण्यांचं काम बरंचसं झालं होतं, उरलेली गावं जवळचीच होती. जर्मन बाई चालवायची, चाचा शेजारी पट्टा बांधून ताठ बसायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी दुसऱ्या दिवसापासून इंजिनाचा आवाज बदलला की दोघंही एकाच वेळी मान तिरकी करायचे.

सातव्या दिवशी दुपारी काही काम नव्हतं. अमेरिकनानं चाचांना विचारलं, मला क्लच शिकवाल का? ट्रॉली ओढायची त्याच्या आईची मोटार क्लचची होती; आई आता थकली होती, पण तिला फोनवर सांगता आलं असतं. चाचांनी आम्हाला गावाबाहेरच्या कापूस खरेदी केंद्रावर नेलं. त्या साली खरेदी सुरूच झाली नव्हती. एरवी गाड्यांनी गच्च भरलेलं ते आवार रिकामं होतं, मध्ये फक्त वजनकाटा. चौकीदारानं चाचांसाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली.

अमेरिकनाचा डावा पाय एकतर जमिनीवर मेल्यासारखा पडून राहायचा, नाहीतर ब्रेक समजून क्लच धाडकन दाबायचा. तासाभरानं त्यानं आवाराची एक पूर्ण फेरी मारली, आणि खाली उतरून चाचांचा हात दोन्ही हातांत घेतला.

मग चाचा माझ्याकडे वळले. "मॅडम, आता तुमी."

मी म्हटलं, माझं काय, मी सहज आले. त्यांनी किल्ली पुढे केली. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि बसले. जर्मन बाई शेजारी बसली. चाचा खुर्ची ओढून खिडकीशी आले. "क्लच हळू सोडा. गाडी थरथरली का पाय तिथंच ठेवा. घाई नोका करू."

दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा तळपायाखाली ती थरथर आली, मी पाय तिथेच धरला, आणि जीप माझ्या सांगण्यावरून चालू लागली. वजनकाट्याला वळसा घालून आले तेव्हा माझ्या तळहातांना घाम होता आणि मला थांबायचं नव्हतं. दुसऱ्या फेरीला दुसरा गिअर पडला. मी पदर कधी सुटला ते पाहिलंही नाही.

तिसऱ्या फेरीला फाटकाशी मोटारसायकल दिसली. नवरा न्यायला आला होता. तो हँडलवर हात ठेवून उभा राहिला. संध्याकाळी जेवताना त्यानं वाटीत वरण वाढून घेतलं आणि विचारलं, "गाडी मांगं घेता येते का?"

मी म्हटलं, अजून नाही.

"मंग ते बी शिक," तो म्हणाला.

पाहुणे गेले. जर्मन बाईनं पुढे फोटो पाठवले. त्यात माझा गाडी चालवतानाचा एकही नाही, कारण त्या वेळी ती शेजारी बसून मला गिअरकडे बघू नका म्हणून सांगत होती. अमेरिकनाचं नव्या वर्षाचं पत्र आलं. घरी गेल्यावर तो पुन्हा बिनक्लचच्या गाडीतच बसला होता, पण आईला सगळं सांगितलं आणि ती खूप हसली, असं त्यानं लिहिलं होतं.

चाचांनी मला हिवाळाभर सकाळी शाळेआधी शिकवलं. उन्हाळ्यात यवतमाळला परीक्षा दिली, आठाचा आकडा काढून दाखवला, पास झाले. दोन वर्षांनी आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली, तीही चाचांनीच बघून दिली.

त्या गाडीनं मी पहिल्यांदा माहेरी उमरखेडला गेले तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. गाडीतून मी एकटीच उतरले. त्यांनी रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं, मग काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली आणि न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसले. पैनगंगेपर्यंत नेऊन आण म्हणाले. जाताना सगळी वाट ते "हळू, हळू" करत होते. पुलाशी थांबलो, काच खाली करून त्यांनी बराच वेळ पाणी पाहिलं. परत येताना मी बाहेरच्या सोप्या रस्त्यानं वळणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला.

"बाजारातून घे," ते म्हणाले.

गर्दी होती, पण घेतली.